ओट्याखाली डोकं घालणारा

बारक्या म्हणजे माझा पाठचा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याची जी तारीफ करणार आहे ती भाऊ म्हणून करतोय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. भाऊ आहे म्हणूनच करतोय. परक्यांची तारीफ करायला मला वेळ नाही.

नाव बारक्या, पण अंगाने माझ्यापेक्षा वीतभर उंच. लहानपणी काडीसारखा होता, तेव्हा पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलं. मी सातवीत शाळेला रामराम ठोकला. तो माझ्यापेक्षा जास्त शिकला, कारण मी त्याला शिकायला लावला. पुढे सुताराच्या हाताखाली घातला तोही मीच. त्याच्या हातात आज जी कला आहे तिचा पाया मी घातला असं मी म्हणतो, आणि तो नाही म्हणत नाही.

तर तो सुतार आहे, पण सुतार म्हटलं की लोकांना पलंग आणि खुर्च्या दिसतात. बारक्या स्वयंपाकघरातली जुनी कपाटं नवी करून देतो. नवी बसवून देत नाही, हा फरक समजून घ्या. लोकांचं कसं असतं, ओट्याखालचं एक दार लोंबायला लागलं, दुसऱ्याचा पापुद्रा सुटला, की घरात कुरकुर सुरू होते, काढून टाका सगळं. मग मोठ्या दुकानातला माणूस चकचकीत पुस्तक घेऊन येतो आणि भिंतीपर्यंत सगळं उचकटायचं ठरवून जातो. बारक्या आला की आधी चपला बाहेर काढतो, गुडघ्यावर बसतो आणि बोटाच्या पेराने टकटक करत फिरतो. आतली खोकी चांगली असली तर म्हणतो, हाडं धड आहेत, कातडं बदलू. जुनी दारं उतरवायची, खोक्यांच्या पुढच्या कडांवर पातळ प्लाय बसवायची, वरून लॅमिनेट चिकटवायचं, मग नवी दारं, नव्या बिजागऱ्या, नव्या मुठी. खोकी जागची हलत नाहीत. घरातली भांडी तेवढी काही दिवस पलंगाखाली राहायला जातात. काम संपल्यावर शेजारचे बघायला येतात तेव्हा त्यांना वाटतं, सगळं नवंकोरं आणलं.

माझी भावजय, म्हणजे बारक्याची बायको, तोंडाची तिखट आहे. ती म्हणते, "ह्यांना माणसांची तोंडं बदलता आली असती तर पहिलं गिऱ्हाईक मी घरातूनच दिलं असतं." आणि असं म्हणताना माझ्याकडे बघते. मी मनावर घेत नाही.

पण टकटक ही निम्मीच परीक्षा. उरलेली निम्मी नाकाची. बारक्या ओट्याखालच्या प्रत्येक खणात खांद्यापर्यंत डोकं घालायचा, डोळे मिटायचा आणि सावकाश श्वास ओढायचा. बाहेर आला की सांगायचा, ही फळी आतून कुजलीय. इथे मागे पाणी झिरपतंय. इथे उंदीर मेलाय, आत्ता नाही, मागे कधीतरी. एका घरात भिंत हाताला कोरडी ठणठणीत लागत होती आणि हा म्हणाला, फरशी फोडा. घरमालक हसला. मी तिथेच उभा होतो, मी म्हटलं, माझा भाऊ सांगतोय ना, फोडा. फोडली तर आतला नळ घाम आल्यासारखा ठिबकत होता. त्या दिवसापासून मी ती गोष्ट सगळीकडे सांगत आलोय. माझी माल पोचवायची गाडी आहे, दिवसभर दहा दुकानांत जाणंयेणं, त्यामुळे सांगायला माणसं भरपूर. प्लाय कापून देणाऱ्या कारखान्यातून बारक्याची दारं त्याच्या कामावर पोचवतो तोही मीच. लोक मला विचारायचे, तो नाकवाला सुतार तुमचाच भाऊ ना? माझी छाती फुगायची. का फुगू नये?

काम पूर्ण झालं की तो शेवटी पुन्हा एकदा डोकं घालायचा. शेगडी परत जोडली, सिलिंडर आत सरकवला, गॅस चालू केला, की आत डोकं, लांब श्वास, आणि मग म्हणायचा, "बरं आहे." हे दोन शब्द ऐकले की बाई भांडी लावायला घ्यायची. डॉक्टरने नाडी सोडावी तसं ते होतं.

मागच्या थंडीत त्याला ताप आला. आठवडाभर अंथरुणात होता, मग उठला, कामाला लागला. थोडा गप्प वाटला, पण तो तसाही माझ्यासारखा बोलका नाही.

एक दिवस मी त्याच्या घराखाली गाडी उभी केली होती. तो वरून अवजारांची पेटी आणायला गेला, आणि भावजय हात पुसत घाईघाईने खाली आली. ती अशी कधी येत नाही. म्हणाली, दादा, एक सांगते, माझं नाव येऊ देऊ नका. मग जिन्याकडे बघत बघत तिने सांगितलं की सकाळी तिने दूध ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गेली. परत आली तर पातेलं काळं ठिक्कर, घरभर धूर, आणि बारक्या त्याच खोलीत धुराकडे पाठ करून पटाशीला धार लावत बसलेला. डोळे चुरचुरले तेव्हा त्याने मान वळवली. तापापासून त्याला कसलाच वास येत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, परत येईल, किंवा येणारही नाही. आणि त्याने तिला बजावलं होतं की कुणाला सांगायचं नाही, आणि दादाला तर मुळीच नाही, तो गावभर करेल.

तेवढ्यात बारक्या पेटी घेऊन खाली आला. भावजय मला मोठ्याने म्हणाली, बरं, घरी ताईंना विचारलंय म्हणून सांगा. आणि वर निघून गेली.

मी गाडी चालू केली. शेजारी बारक्या बसलेला. आतमध्ये सोल्युशनचा डबा होता, लॅमिनेट चिकटवायचं ते. त्याचं झाकण सैल राहिलं होतं आणि माझं डोकं भणभणत होतं. त्याने काच खाली केली नाही. आधी तो गाडीत बसला की पहिलं काम काच खाली करायचा. मी त्याच्याकडे बघितलं, तो समोर रस्त्याकडे बघत होता, शांतपणे.

सुताराला नाक नसलं तर काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच समजावलं. हात आहेत, डोळे आहेत. पण त्या दिवशी मी मुद्दाम कामावर थांबलो. एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून, दोघं ओट्याशी उभे. बारक्या गुडघ्यावर बसला, टकटक केली, आणि त्याने आत डोकं घातलं. मी बाजूला वाकून बघितलं. आधी तो वास घेताना डोळे मिटायचा. आता डोळे सताड उघडे होते आणि खोक्यात इकडून तिकडे फिरत होते, अंधारात किल्ली शोधावी तसे. लांब श्वास घेतल्याचा आवाज मात्र त्याने बरोबर काढला. बाहेर आला आणि म्हणाला, "बरं आहे." सुनेने मान डोलावली. म्हातारे मला म्हणाले, तुमच्या भावाचं फार ऐकून आहोत.

त्यानंतर मला झोप नीट लागेना. मी निमित्त काढून त्याच्या कामांवर जायला लागलो. स्क्रू पोचवायचे, बिजागरी बदलायची, काहीही. तो पाठमोरा झाला की मी हळूच वाकून खोक्यात नाक घालायचो. माझं नाक साधं, बाजारातलं. मला जुन्या लाकडाचा आणि झुरळांचा वास कळतो, पुढचं नाही. एकदा एका बाईने मला असं वाकलेलं पकडलं आणि विचारलं, तुमचं पण घराण्यातलंच का हे? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आणि मी सगळीकडे पोचत नव्हतोच. माझ्या फेऱ्या असायच्या. त्या वेळी हा कुठल्यातरी ओट्याखाली डोकं घालून बरं आहे म्हणत असायचा, आणि मी सिग्नलला उभा राहून घाम पुसायचो. त्याला तोंडावर विचारावं असं रोज ठरवायचो. पण भावजयीला शब्द दिला होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर ऐकायची मला भीती वाटत होती.

मग शिंपीणबाईंचं काम आलं.

शिंपीणबाई घरीच कपडे शिवायच्या. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत मोटरचं शिलाई मशीन, आतल्या खोलीत त्यांची म्हातारी आई. आई चौकटीची काठी, वॉकर म्हणतात ती, धरून पलंगापासून दारापर्यंत यायची तर त्यात दुपार सरायची. पण जीभ जागेवर होती. बारक्याला ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, कपाटाला नवं तोंड लावतोस, मला एखादा नवा गुडघा लाव.

खोकी जुनी होती, पातळ फळ्यांची, पण धड. बारक्याने कडा केल्या, दारं केली. जुने लाकडी खण घासत उघडायचे, म्हणून तिथे त्याने लोखंडी चॅनेल बसवले, की खण बोटाने ढकलला तरी सुळकन जावा. जुनी दारं वाकलेली, त्यांच्या फटीतून बोट जायचं. नवी अशी घट्ट बसली की मिटल्यावर कागदसुद्धा आत सरकेना. त्याचा त्याला अभिमान होता आणि मलाही होता. शेवटचं एक दार कारखान्यात मापाला चुकलं होतं, ते दुरुस्त करून आणायचं राहिलं होतं. ते घेऊन मी दुपार कलल्यावर जिना चढलो.

दार शिंपीणबाईंनी उघडलं. मशीनवर अर्धा झगा तसाच होता. म्हणाल्या, या दादा, तुमचीच वाट बघतायत, बसा, चहा टाकते. आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. मी दार खांद्यावरून उतरवत उंबरठ्यातच थांबलो. घरात वास होता.

मी म्हटलं, "वास कसला येतोय?"

"तुमच्या सोल्युशनचा," त्या पुढे जातच म्हणाल्या. "दुपारपासून आहे. आई सारखी कटकट करतेय. मी यांना विचारलं, तर म्हणाले सोल्युशनचा राहतो थोडा वेळ."

आतून म्हातारी ओरडली की मी सांगतेय हा तो वास नाही, पण माझं ऐकतंय कोण.

बारक्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. दाराच्या कडेची पट्टी गरम इस्त्री फिरवून चिकटवायची असते, कपड्याची साधी इस्त्री, मी येणार म्हणून त्याने ती आधीच तापत ठेवली होती. वायर भिंतीच्या बटणात, लाल दिवा पेटलेला. आणि सोल्युशनचा डबा? तो माझ्या गाडीत होता. संपलेला. आदल्या दिवशीच मी तो रिकामा म्हणून खाली नेला होता.

दारं आणि बिजागऱ्या वाहायच्या आधी मी बरीच वर्षं गॅसच्या सिलिंडरची गाडी चालवली आहे. त्या वासाला मी झोपेतही ओळखीन. शिंपीणबाईंनी शेगडीवर भांडं ठेवलं होतं आणि लायटर हातात घेतला होता.

मी हातातलं दार तसंच सोडलं, आत धावलो आणि त्यांचं मनगट धरलं. त्या दचकल्या, रागावल्या, परक्या पुरुषाने असा हात धरला म्हटल्यावर रागावणारच. मी लायटर काढून घेऊन खिशात घातला. मग हळूच म्हणालो, गॅस आहे, कुणी कशाला हात लावू नका.

बारक्याचा हात इस्त्रीच्या बटणाकडे गेला. माणूस घाबरला की पहिलं बटण बंद करतो. आणि बटण बंद करताना आत ठिणगी पडते. मी त्याला फक्त नाही म्हटलं, आणि तो थिजला, हात हवेत. इस्त्री मात्र आपली चालू होती. ती तापली की स्वतःच टक करून बंद होते, निवली की टक करून चालू. त्या प्रत्येक टकला आत तीच ठिणगी पडते. लाल दिवा माझ्याकडे बघत होता आणि मी त्या टकची वाट बघत होतो. आयुष्यात मी एवढं कान देऊन काही ऐकलं नाही.

बारक्या बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "दादा, खरंच येतोय वास?"

"तुला येत नाही?"

"नाही."

एवढंच झालं आमच्यात. जी गोष्ट विचारायला मला महिनोन्‌महिने जमलं नाही ती अशी झाली, आणि त्यावर थांबायलाही वेळ नव्हता.

मी सांगितलं ते त्यांनी केलं. शिंपीणबाईंनी खिडक्या उघडल्या, बारक्या बाहेर जिन्यात धावला, मीटरच्या पेटीतून सगळ्या घराची वीज तोडायला. मी आत जाऊन म्हातारीला उचललं. ती म्हणाली, अरे मेल्या, दात तरी घेऊ दे, वाटीत आहेत. मी दात घेतले नाहीत. ती माझ्या पाठीवर पूर्ण जिनाभर बोळक्या तोंडाने शिव्या देत होती, आणि मला त्या गोड वाटत होत्या, कारण शिव्या येतायत म्हणजे अजून काही झालेलं नाही. खाली अंगणातल्या कट्ट्यावर तिला बसवलं आणि परत वर धावलो.

वीज गेली होती. लाल दिवा विझला होता. पण गॅस अजून येतच होता, कारण सिलिंडर त्या घट्ट दारामागे, ओट्याखाली, आणि तो बंद करायचा तर दार उघडायला हवं. आत किती साठलंय कुणास ठाऊक. मी म्हटलं, मी जातो, मला सवय आहे. बारक्याने मला छातीवर हात लावून मागे सारलं. माझ्यावर त्याने आजवर कधी हात टाकला नव्हता. म्हणाला, "दार माझं आहे." आणि आत गेला.

मी उंबरठ्यावर उभा होतो. तो गुडघ्यावर बसला, दार उघडलं, आणि वासाचा लोंढा असा बाहेर आला की मी इथे दारात खोकायला लागलो, डोळ्यांत पाणी आलं. आणि तो? तो त्यात बसला होता, जसा काही स्वच्छ हवेत बसलाय. चेहऱ्यावर आठी नाही. त्याच्यासाठी तिथे काहीच नव्हतं. मला जेवढी भीती वाटत होती तेवढीही त्याला वाटायची सोय नव्हती, तो माझ्या खोकल्यावरून ओळखत होता की किती आहे. त्याने रेग्युलेटर फिरवला, उपसला, सिलिंडर मिठीत घेऊन उचलला आणि पाठच्या गच्चीवर उघड्यावर नेऊन ठेवला. मग तिथेच कठड्याला टेकून खाली बसला. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो.

गॅसच्या कंपनीचा माणूस आला, त्याने कारण दाखवलं. खणाचा चॅनेल बसवताना बारक्याने नेहमीच्या मापाचे स्क्रू वापरले होते, पण जुन्या खोक्याची मधली फळी पातळ. एका स्क्रूचं टोक पलीकडे, सिलिंडरच्या बाजूला, तांदळाएवढं बाहेर आलं होतं. दुपारी शेगडी जोडून सिलिंडर आत सरकवला तेव्हा गॅसचा पाइप त्या टोकावर दाबला गेला. जुनी दारं असती तर फटींतून गॅस कधीच घरभर झाला असता आणि सगळे आधीच सावध झाले असते. नवी घट्ट होती, म्हणून तो आत साठत राहिला, थोडा थोडा बाहेर आला, आणि सोल्युशन म्हणून खपून गेला. कंपनीचा माणूस साबणाचा फेस करून ब्रशने पाइपांना लावून बघत होता, कुठे बुडबुडा येतो का. बारक्या त्याच्या शेजारी बसून बघत होता, शाळेतल्या पोरासारखा.

शिंपीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. म्हातारीला वर आणून पलंगावर बसवलं, तिचे दात तिला दिले, आणि मग दारात येऊन बारक्याला म्हणाल्या, "दुपारी तुम्ही आत डोकं घालून वास घेतला होतात. माझ्यासमोर. बरं आहे म्हणालात."

बारक्याने मान खाली घातली. मी काहीतरी बोलायला पुढे झालो, की असं होतं, की पाइप जुना असेल, तर त्याने मला कोपर लावलं. तो त्यांना म्हणाला, येत नव्हता मला वास. त्या आत निघून गेल्या. आम्ही अवजारं उचलली. ते शेवटचं दार, कोपरा फुटलेलं, तिथेच राहिलं.

संध्याकाळी त्याच्या घरी मी, तो आणि भावजय बसलो होतो. कुणी दिवा लावायला उठेना. तो बोटांवर मोजत होता, तापानंतर कुठे कुठे काम केलं ते. नर्सबाईंचं. बस चालवतो त्याचं. ते म्हातारे आणि त्यांची सून. शाळेच्या मागचं कोपऱ्यातलं घर. तेच स्क्रू, तेच चॅनेल, तीच घट्ट दारं, आणि प्रत्येक ठिकाणी आत डोकं घालून म्हटलेलं बरं आहे. हाताची बोटं संपली तेव्हा तो पुन्हा पहिल्या बोटावर आला. भावजय एकदम उठली आणि आपल्याच ओट्याखाली वाकून वास घ्यायला लागली. तिथे त्याने तापानंतर काहीच केलं नव्हतं, तरी ती घेत होती.

मी म्हटलं, आपण असं करू, सगळीकडे जाऊ, सांगू की दारांची मोफत तपासणी आहे, बिजागऱ्यांना तेल घालतोय. तेल घालता घालता पाइप बघू. कुणाला कळायचं कारण नाही. इतक्या वर्षांचं नाव आहे, ते एका स्क्रूसाठी धुळीला मिळवायचं का?

भावजय म्हणाली, दादा म्हणतायत ते बरोबर आहे.

बारक्या म्हणाला, "ते नाव तू सांगत फिरलास. मी कधी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, सांगितलं, आणि अजूनही सांगीन. तो हसला नाही. म्हणाला की तेल घालायला गेलो तर घरच्या बाया एखादी मूठ सैल झालीय ती दाखवतील, चहा टाकतील, शेगडी पेटवतील. त्यांना घाबरवायलाच पाहिजे. मी आलो की त्यांनी आधी गॅस बंद केला पाहिजे.

मी उठून दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन गेलो तर तो खालीच उभा होता, हातात झाकणाचा डबा, त्यात साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश, खिशात आखूड स्क्रूंची पुडी. तो बसला. मी काच खाली केली.

पहिलं घर नर्सबाईंचं. त्या रात्रपाळी करून नुकत्याच आल्या होत्या, केस मोकळे, पायात एकच चप्पल. आम्हाला बघून हसल्या, म्हणाल्या, अहो तुम्ही, काय झालं, शेजारणीला पण करून हवंय तुमच्याकडून. आतून भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी ओट्याशी होतं. बारक्याने तोंड उघडलं, मिटलं. मी त्याच्या मागे उभा होतो. मला वाटलं, आता तो बिजागऱ्यांचं सांगेल, आणि मी मनातून तयारच होतो साथ द्यायला.

तो म्हणाला, "बाई, आधी शेगडी बंद करायला सांगा. मला मागच्या थंडीपासून वास येत नाही. तुमच्याकडे मी खोटंच बरं आहे म्हणालो होतो."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी मागे न वळता आतल्या माणसाला गॅस बंद करायला सांगितलं, आणि तो बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत दारातून हलल्या नाहीत. मग बाजूला झाल्या.

बारक्या चपला काढून आत गेला. ओट्याखालचं दार उघडलं आणि मला म्हणाला, दादा, तू वास घे. मी गुडघ्यावर बसलो, खांद्यापर्यंत आत गेलो आणि श्वास ओढला. कांदे, ओलं फडकं, रबर. मी म्हटलं, मला काही लागत नाही. तो म्हणाला, तुझ्या नाकाचं पण खरं नाही, सरक. त्याने मधल्या फळीवर पलीकडून हात फिरवला. बोट थांबलं. टोक होतं. पाइप त्याच्यापासून बोटभर लांब लोंबत होता, त्या घरात तेवढंच नशीब. त्याने पाइपाला कडेपासून कडेपर्यंत फेस लावला आणि आम्ही तिघं वाकून त्याच्याकडे बघत राहिलो. फेस हळूहळू बसत गेला, बुडबुडा आला नाही.

त्याने लांब स्क्रू काढले, आखूड बसवले, पाइप पुसला. नर्सबाई सोडायला दारापर्यंत आल्या नाहीत. आम्ही जिना उतरलो, आणि तो गाडीत बसता बसता म्हणाला, आता बसवाल्याकडे चल, तो सकाळीच स्वयंपाक करून बाहेर पडतो, लवकर चल.